दोन्हीकडे जाणारा बाण

शाळेच्या रसायनशास्त्रात समीकरणाच्या मधोमध एक बाण असतो. काही समीकरणांत मात्र दोन असतात, एक जाणारा, एक परतणारा. आम्ही कलाशाखेची माणसे तिथून पान उलटत असू. पण तो दुसरा बाण कागदावर उमटायला पंच्याऐंशी वर्षे लागली आणि त्याची वाट इजिप्तच्या वाळवंटातून जाते.

1798 मध्ये नेपोलियन इजिप्तवर चालून गेला, तेव्हा तोफांबरोबर त्याने विद्वानांचा तांडाही नेला. त्यात पन्नाशीचा रसायनशास्त्रज्ञ क्लोद लुई बर्थोले होता. कैरोच्या वायव्येला वादी नत्रून नावाचे खोरे आहे. नत्रून म्हणजे सोडा. सोडियमची 'एनए' ही खूण याच शब्दाच्या घराण्यातली. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी बर्थोले चक्रावला. प्रयोगशाळेत धुण्याचा सोडा आणि कॅल्शियम क्लोराईड यांची द्रावणे एकत्र केली, की चुनखडी तळाशी बसते आणि मीठ पाण्यात उरते. इथे मीठ होते, चुनखडी होती आणि काठावर चक्क सोड्याचे थर. सगळे उलटे!

कोणत्या पदार्थाला कोणाची ओढ जास्त, याचे तेव्हा तक्तेच छापलेले असत. ओढ ठरलेली, म्हणजे दिशाही ठरलेली. बर्थोले म्हणाला, ओढीबरोबर प्रमाणही पाहा. तळ्यात मीठ अफाट आहे आणि तयार होणारे कॅल्शियम क्लोराईड ओल धरून जमिनीत मुरते. परत फिरायला जोडीदारच उरत नाही. (आजचे अभ्यासक तिथल्या सोड्याचे बरेचसे श्रेय सूक्ष्मजीवांना देतात. उदाहरण डळमळले, नियम टिकला.)

पण बर्थोले तिथे थांबला नाही. संयुगातल्या घटकांचे प्रमाणही परिस्थितीनुसार बदलते, असे तो सांगू लागला. त्याच्याच देशाच्या जोसेफ प्रूस्तने काही वर्षे वाद घालून हे खोडून काढले. प्रूस्तचे बरोबर होते. वाईट एवढेच झाले, की चुकीच्या गोष्टीबरोबर खरी गोष्टही अडगळीत पडली. 1822 मध्ये बर्थोले वारला.

पुढे 1862 मध्ये बर्थलो (नाव जवळचे, माणूस वेगळा) आणि पेआँ द सँ-जिल यांनी ॲसिटिक आम्ल आणि अल्कोहोल रेणूंच्या हिशेबाने समसमान घेतले. दोन तृतीयांशाचे एस्टर आणि पाणी झाले. मग कितीही दिवस ठेवा, पुढे काही सरकेना. उलट बाजूने, एस्टर आणि पाणी घेऊन सुरुवात केली, तर एक तृतीयांश फुटले आणि गाडी त्याच मुक्कामी थांबली.

थांबली? इथेच मुले फसतात. नॉर्वेच्या गुल्डबर्ग आणि वागे यांनी (आधी साडू, पुढे मेहुणे!) 1864 मध्ये प्रमाणाचा हिशेब गणितात मांडला. पदार्थ जितका दाट, तितका अभिक्रियेचा जोर जास्त. जाण्याचा आणि परतण्याचा वेग सारखा झाला, की बाहेरून काही हलताना दिसत नाही. एस.टी. स्टँडवर जितकी माणसे उतरतात तितकीच चढतात. गर्दी तेवढीच, माणसे मात्र निराळी. आणि समतोल म्हणजे निम्मे-निम्मेही नव्हे. वरच्या प्रयोगातच दोनास एक आहे.

त्यांचा लेख नॉर्वेजियन भाषेत होता. छोट्या भाषेत लिहिणाऱ्याचे जे होते, ते झाले. फारसे कोणी वाचले नाही. 1884 मध्ये डच शास्त्रज्ञ व्हान्ट हॉफने आपल्या पुस्तकात बरोबरचे चिन्ह काढून उलटसुलट दोन बाण घातले. 1901 चे रसायनशास्त्राचे पहिले नोबेल त्यालाच मिळाले.

1909 मध्ये फ्रिट्स हाबरने नायट्रोजन आणि हायड्रोजनपासून अमोनिया करून दाखवला. हीही दुहेरी बाणाचीच अभिक्रिया, आणि एका फेरीत अमोनिया थोडाच होतो. म्हणून तो थंड करून काढून घेतात आणि उरलेला वायू पुन्हा फिरवतात. अलिबागजवळ थळच्या कारखान्यात युरियासाठी लागणारा अमोनिया याच तत्त्वावर होतो. तळ्याकाठी जे काम जमीन करते असे बर्थोलेला वाटले, ते तिथे यंत्रे करतात.