वायर किती अँपिअर झेलते?

घराची फिटिंग करताना वायरमन सहज सांगतो, "दिवे-पंख्यांना दीड एमएम, गीझरला अडीच, एसीला चार." त्याच्या तोंडी बसलेल्या या आकड्यांमागे कित्येक दशकांची मोजमापं आहेत. त्यातली पहिली महत्त्वाची मोजमापं करणारा माणूस जन्मला होता मुंबईत, कुलाब्याला.

त्याचं नाव आर्थर केनेली. जन्म १८६१चा, वडील आरमारी अधिकारी. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली. मग तार कंपनीत नोकरी आणि बाकीचं सारं विज्ञान स्वतःच्या अभ्यासाने मिळवलेलं. १८८७च्या अखेरीस तो अमेरिकेत एडिसनच्या प्रयोगशाळेत दाखल झाला.

त्याच्या पाच वर्षं आधी न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून घराघरांत वीज जाऊ लागली होती. प्रवाह दुप्पट झाला की तारेतली उष्णता चौपट होते, हे जेम्स जूलने १८४०च्या सुमारासच दाखवून दिलं होतं. पण जूलचा नियम उष्णता किती तयार होते एवढंच सांगतो. ती बाहेर किती पडते, हे तारेभोवती काय आहे त्यावर ठरतं, आणि ते मोजूनच पाहावं लागतं. केनेलीने १८८९मध्ये ते मोजलं. उघड्यावरच्या तारा, लाकडी पट्टीच्या खाचेत बसवलेल्या तारा, कमी-जास्त जाडीच्या तारा, यांच्यातून प्रवाह सोडून त्या किती तापतात ते त्याने नोंदवलं. पुढे रेडिओलहरी परतवणाऱ्या वातावरणातल्या थराला त्याचं नाव लागलं आणि हे आधीचं काम मागे पडलं. घरं जळण्यापासून वाचवणारं काम म्हणून ते लक्षात राहायला हवं होतं.

तांबं वितळतं सुमारे १,०८५ अंशांना. घरातली वायर त्याच्या कितीतरी आधी निकामी होते, कारण तिच्यावरचं आवरण तेवढा ताप सोसत नाही. जुन्या रबराची मर्यादा ५० अंशांच्या आसपास होती. आजच्या साध्या पीव्हीसीची ७० आहे. म्हणजे कोणत्या वायरीतून किती प्रवाह न्यायचा हे सांगणाऱ्या तक्त्यातले अँपिअर खरं तर आवरणाच्या सहनशक्तीचे आहेत.

अमेरिकेत १८९७ साली पहिली राष्ट्रीय विद्युत संहिता आली. मात्र एकाच पाइपातून नेलेल्या अनेक तारांच्या गर्दीचा हिशेब नीट लागायला आणखी चाळीस वर्षं गेली. सॅम्युएल रॉशने १९३८मध्ये रबरी वायरींवरचे आपले निष्कर्ष मांडले आणि १९४०च्या संहितेतले तक्ते त्यांवर उभे राहिले. एका पाइपात प्रवाह वाहणाऱ्या तीनपर्यंत तारा असतील तर तक्त्यातला आकडा पूर्ण धरायचा. चार ते सहा असतील तर ८० टक्के, सात ते नऊ असतील तर ७० टक्के. हा नियम अमेरिकेत आजही चालतो. प्रत्येक तार शेजारणीला तापवते आणि मधल्या तारेची उष्णता तर बाहेर पडायला वाटच शोधत राहते.

आता आपल्याकडचा हिशेब. आंतरराष्ट्रीय तक्त्यानुसार पाइपातून नेलेली अडीच चौरस मिलिमीटरची, म्हणजे वायरमनच्या भाषेत अडीच एमएमची, पीव्हीसी तांब्याची वायर २४ अँपिअर झेलते, पण हवा ३० अंश असताना आणि पाइपात एकच सर्किट असताना. ४० अंशांना ०.८७ने गुणायचं, विदर्भातल्या मे महिन्यात तेवढंही पुरत नाही. त्याच पाइपात पूर्ण लोडवर चालणारी तीन सर्किटं असतील तर पुन्हा ०.७०ने. उरतात साडेचौदा अँपिअर. त्या वायरीवर २० अँपिअरचा एमसीबी, म्हणजे जास्त प्रवाहाला आपोआप पडणारा स्विच, असेल, तर सोळा-सतरा अँपिअर तासन्‌तास वाहिले तरी तो पडणार नाही आणि आवरण भिंतीच्या आत कडक होत जाईल.

जाड वायर घेतली की सगळं भागलं, असंही नाही. चार एमएमची वायर ३२ अँपिअर नेते. चौपट तांब्याची सोळा एमएमची फक्त ७६. तांबं चौपट होतं, पण उष्णता बाहेर टाकणारा पृष्ठभाग दुप्पटच होतो.

म्हणून नवा एसी बसवताना जुन्याच पाइपातून आणखी एक वायर ओढून घेऊ नका. आत आधी किती सर्किटं आहेत ते वायरमनला उघडून मोजायला सांगा, आणि गरज पडली तर वेगळ्या पाइपाचा खर्च करा.