पाण्याने पेटणारा दगड

पाण्याने आग विझते, हा मनुष्याचा युगानुयुगांचा अनुभव आहे. परंतु या अनुभवाला अपवाद असलेला एक पदार्थ गेल्या शतकाच्या प्रारंभी घराघरांत, खाणींत आणि कारखान्यांत वावरू लागला. करड्या रंगाच्या, खडबडीत दगडासारखा दिसणारा हा पदार्थ म्हणजे कॅल्शियम कार्बाइड. त्यावर पाण्याचे चार थेंब पडले की तो फसफसतो, तापतो आणि त्यातून ॲसिटिलीन नावाचा ज्वालाग्राही वायू बाहेर पडतो. मागे उरतो तो केवळ विरलेला चुना. मनुष्याने या दगडापासून प्रकाश कसा मिळवला आणि त्या प्रकाशाची किंमत कशी मोजली, याचा इतिहास मोठा उद्बोधक आहे.

ॲसिटिलीन वायूचा शोध १८३६ साली एडमंड डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाने लावला. पुढे १८६२ मध्ये जर्मनीतील फ्रीडरिख व्होलर याने जस्त आणि कॅल्शियम यांचा मिश्रधातू कोळशाबरोबर तापवून कॅल्शियम कार्बाइड तयार केले व पाण्याशी त्याचा संयोग होताच हाच वायू निर्माण होतो, हे दाखवून दिले. तथापि त्या काळी ही केवळ प्रयोगशाळेतील नवलाई होती. चुना आणि कोळसा यांचा संयोग घडवून आणण्यास सुमारे दोन हजार अंश सेल्सियस उष्णता लागते, आणि इतकी उष्णता सामान्य भट्टीत मिळत नाही.

ती मिळाली विजेच्या भट्टीत, आणि तीही अनपेक्षितपणे. टॉमस विल्सन हा कॅनेडियन संशोधक अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना राज्यात स्प्रे या गावी स्वस्तात ॲल्युमिनियम काढण्याच्या खटपटीत होता. त्यासाठी त्याला कॅल्शियम धातू हवा होता. म्हणून १८९२च्या मे महिन्यात त्याने चुना आणि डांबर यांचे मिश्रण विजेच्या भट्टीत तापवले. धातू हाती आलाच नाही; हाती आला एक काळपट गोळा. तो पाण्यात टाकताच जो वायू निघाला, तो हायड्रोजनप्रमाणे फिकट ज्योतीने न जळता काजळी सोडीत पिवळ्या ज्योतीने जळू लागला. अपेक्षाभंगातून एक नवा उद्योग जन्माला आला. त्याच वर्षी पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ यानेही विजेच्या भट्टीत हाच पदार्थ सिद्ध केला.

योग्य आकाराच्या तोटीतून सोडल्यास ॲसिटिलीनची ज्योत काजळी न धरता शुभ्र व प्रखर प्रकाश देते. मग दिवे निघाले: वरच्या कप्प्यात पाणी, खालच्या कप्प्यात कार्बाइडचे खडे आणि मध्ये थेंब थेंब पाणी सोडणारी चावी. खाणकामगारांच्या टोप्यांवर, सायकलींवर, आरंभीच्या मोटारींवर हे दिवे झळकू लागले. अशुद्ध कार्बाइडमुळे येणारा त्यांचा लसणासारखा उग्र दर्पही लोकांच्या परिचयाचा झाला.

पण हा वायू मोठा लहरी ठरला. हवेत त्याचे प्रमाण शेकडा अडीच इतके झाले तरी ठिणगीने स्फोट होतो. इतकेच नव्हे, तर दाब वाढल्यास हवेवाचूनही तो स्वतःच विघटित होऊन फुटतो. ही गोष्ट पुरती उमगण्यापूर्वीच तो दाबून, द्रवरूप करून विकण्याचा उद्योग सुरू झाला. १८९६ साली पॅरिस व बर्लिन येथे भीषण स्फोट होऊन माणसे दगावली. तेव्हा विज्ञानाने नवा मार्ग शोधला. १८९७ मध्ये झॉर्झ क्लोद आणि आल्बेर हेस या फ्रेंच संशोधकांनी हा वायू ॲसिटोन नावाच्या द्रवात विरघळवून ठेवता येतो, हे दाखवले. हे द्रावण सच्छिद्र द्रव्याने भरलेल्या नळकांड्यात ठेवले की वायूचा लहरीपणा काबूत येतो.

या सच्छिद्र द्रव्याला उत्तम रूप देणाऱ्यांपैकी एक म्हणजे स्वीडनचा अभियंता गुस्ताफ डालेन. सूर्य उगवताच दीपस्तंभाचा वायू आपोआप बंद करणारी आणि अंधार पडताच सुरू करणारी झडप त्याने १९०७ मध्ये सिद्ध केली. निर्जन खडकांवरील दीपस्तंभ रखवालदाराविना उजळू लागले. १९१२ साली ॲसिटिलीनच्या नळकांड्यांची सुरक्षितता तपासत असतानाच स्फोट झाला आणि डालेनची दृष्टी कायमची गेली. त्याच वर्षी त्याला भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. समारंभास त्याच्या वतीने त्याचा बंधू उपस्थित राहिला. आणि हा बंधू व्यवसायाने नेत्रवैद्य होता. नाविकांना प्रकाश देणारा हा पुरुष पुढे १९३७ मध्ये मृत्यू येईपर्यंत अंधारातच आपल्या कंपनीची धुरा वाहत राहिला.

विजेचे दिवे आल्यावर कार्बाइडच्या दिव्यांचे दिवस सरले. परंतु कार्बाइडचे सरले नाहीत. ऑक्सिजनच्या साहाय्याने ॲसिटिलीन जाळल्यास तीन हजार अंशांहून अधिक उष्णता मिळते, आणि तिने पोलादही जोडता व कापता येते. कार्बाइड व नायट्रोजन यांपासून खत बनले. चीनमध्ये तर कार्बाइडपासून प्लॅस्टिकचे प्रचंड उत्पादन होते.

वापर टिकला तो नियमांच्या बळावर. भारतात १९३७ साली कार्बाइडसंबंधी स्वतंत्र नियम झाले. १९८७ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या केंद्रीय संघटनेचे मुख्यालय नागपूरला आहे. माल हवाबंद पिंपांत, कोरड्या व वारा खेळत्या जागी ठेवावा; ठिणगी उडेल असे हत्यार वापरू नये; वायूसाठी तांब्याची नळी घालू नये, कारण तेथे आघातानेही फुटणारे संयुग बनते; आणि आग लागल्यास पाणी न मारता कोरडी वाळू टाकावी. या प्रत्येक सूचनेमागे कोणाच्या तरी प्राणाचे मोल आहे.

कार्बाइड हा शब्द कानी पडताच भारतीय मनाला भोपाळ आठवते. वस्तुतः २ व ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री तेथे पसरलेला विषारी वायू मिथिल आयसोसायनेट होता. त्याचा कार्बाइडशी संबंध नव्हता. युनियन कार्बाइड हे नाव १८९८ मध्ये याच दगडाच्या उद्योगासाठी स्थापन झालेल्या कंपनीपासून चालत आले होते. मात्र तेथेही टाकीत पाणी शिरल्यानेच अनर्थाला आरंभ झाला, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आज धोका कारखान्यापेक्षा कारखान्याबाहेर अधिक आहे. पेंढ्याच्या अढीत आंबा सावकाश पिकू देण्याचा धीर नसलेला व्यापारी पेटीत कार्बाइडची पुडी ठेवतो. साल पिवळी होते, गर मात्र कच्चाच राहतो. कार्बाइडमध्ये आर्सेनिक व फॉस्फरस यांचे अंश असू शकतात, म्हणून कायद्याने या प्रकारास मनाई आहे. २०२५च्या दिवाळीत तर प्लॅस्टिकच्या नळीत कार्बाइड व पाणी घालून ठिणगीने बार काढण्याचे खेळणे निघाले. बार झाला नाही म्हणून नळीत डोकावणाऱ्या मुलांच्या तोंडावर तो उडाला, आणि मध्य प्रदेशात कित्येक बालकांच्या डोळ्यांना गंभीर इजा झाली.

डालेनने धोका ओळखून, इतरांच्या सुरक्षिततेसाठी तो पत्करला होता. या मुलांना तो कोणी सांगितलाच नव्हता. पदार्थ तोच, त्याचा स्वभावही तोच. त्याविषयीचे ज्ञान मात्र वाटेत कोठे तरी गळून पडले. बाजारात वस्तू जितक्या सहज पोहोचते, तितक्याच सहज तिचा स्वभावही लोकांपर्यंत पोहोचला पाहिजे. विक्रेत्याने पुडीबरोबर तो सांगावा, शाळेने फळ्यावर लिहावा आणि शासनाने परवान्याइतकीच त्याचीही काळजी घ्यावी, एवढीच या दगडाच्या सव्वाशे वर्षांहून अधिक काळाच्या इतिहासाची मागणी आहे.