गोवा पावडर : गजकर्णावरील एका औषधाचे नाव आणि मूळ

एखादे औषध कोणत्या रोगावर चालते हे ठाऊक असणे आणि ते औषध म्हणजे नेमके कोणते द्रव्य हे ठाऊक असणे, या दोन भिन्न गोष्टी होत. औषधविद्येच्या इतिहासात पहिले ज्ञान बहुधा दुसऱ्याच्या आधी येते. परंतु या दोहोंमधील काळ रुग्णाच्या दृष्टीने निर्धोक नसतो. एकोणिसाव्या शतकात मुंबईत 'गोवा पावडर' या नावाने विकल्या जाणाऱ्या औषधाचा वृत्तान्त या दृष्टीने उद्बोधक आहे.

गजकर्ण अथवा नायटा हा विकार भारतीय वैद्यकास अपरिचित नव्हता. 'दद्रू' या नावाने चरकसंहितेत त्याची गणना क्षुद्रकुष्ठांत, तर सुश्रुतसंहितेत महाकुष्ठांत केलेली आढळते. पावसाळ्यात कोकणात व देशावर सर्वत्र उगवणाऱ्या टाकळ्यास संस्कृतात 'दद्रुघ्न' असे नाव मिळाले, ते त्याच्या या विकारावरील उपयोगामुळेच. युरोपात रोबर्ट रेमाक, योहान शोनलाइन व डेव्हिड ग्रुबी यांच्या १८३७ ते १८४४ या काळातील निरीक्षणांमुळे अशा त्वचाविकारांचे कारण सूक्ष्म बुरशी होय, हे स्पष्ट झाले. म्हणजे रोगाचे कारण उमगले होते. परंतु त्यावरील एका प्रभावी औषधाचे मूळ मात्र त्यानंतरही तीस वर्षे अज्ञातच राहिले.

हे औषध गोव्यातून मुंबईस येई. गोव्यातील ख्रिस्ती समाजात त्याचा वापर चालू असे. मात्र ते कशापासून होते, हे गुप्त राहिले होते. ताजेपणी फिकट पिवळी असणारी ही पूड हवेत राहिली की तपकिरी व पुढे जांभळट होई. लिंबाच्या रसात किंवा शिरक्यात कालवून ती नायट्यावर लावीत. १८६४ मध्ये मुंबईचे औषधविक्रेते डी. एस. केंप यांनी लंडनच्या 'फार्मास्युटिकल जर्नल'मध्ये तिच्याविषयी लिहिले, तेव्हा तिचा गुण सांगता आला; उगम सांगता आला नाही. भारतात दीर्घकाळ वैद्यकीय सेवा केलेले सर जोसेफ फेरर यांनी १८७४ मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय नियतकालिकात याच पुडीकडे पुन्हा लक्ष वेधले.

उलगडा झाला तो तिसऱ्याच खंडातून. ब्राझीलमधील बाहिया येथे व्यवसाय करणारे पोर्तुगीज वंशाचे वैद्य जोझे फ्रान्सिश्कु दा सिल्व्हा लिमा यांनी फेरर यांचे वर्णन वाचले, आणि ही पूड म्हणजे आपल्याकडील 'अरारोबा'च होय, असे १८७५ मध्ये प्रसिद्ध केले. हा पदार्थ तेथील अरण्यांतील एका मोठ्या वृक्षाच्या खोडातील भेगांत व पोकळ्यांत साठतो. खोड फोडून तो खरवडून काढताना त्याची धूळ उडून कामकऱ्यांच्या डोळ्यांचा व चेहऱ्याचा दाह होतो. या वृक्षाचे शास्त्रीय वर्णन १८७९ मध्ये झाले. लिस्बन व गोवा यांमध्ये प्रवास करणारी पोर्तुगीज जहाजे सतराव्या-अठराव्या शतकांत बाहियाच्या बंदरास लागत, हे ध्यानात घेता या पदार्थाचा भारतापर्यंतचा प्रवास आश्चर्यकारक वाटत नाही. पोर्तुगीज वसाहतींत त्यास 'बाहियाची पूड' म्हणत, तर मुंबईत 'गोव्याची'. प्रत्येक ठिकाणी मालास तो जेथून आला त्या बंदराचे नाव मिळाले; वृक्षाचे मिळाले नाही.

स्थळाविषयीचा भ्रम दूर झाला त्याच वर्षी द्रव्याविषयीचा नवा भ्रम निर्माण झाला. रसायनज्ञ जॉन अ‍ॅटफील्ड यांनी १८७५ मध्ये पुडीचे पृथक्करण करून तिच्यातील प्रमुख घटक 'क्रायसोफेनिक अ‍ॅसिड' असल्याचे सांगितले. १८७८ मध्ये लीबरमान व झायडलर यांनी तो घटक निराळाच असल्याचे दाखवून त्यास 'क्रायसारोबिन' हे नाव दिले. दरम्यान लंडनचे त्वचारोगवैद्य बामॅनो स्क्वायर यांनी सोरायसिसवर त्याचा उपयोग प्रचारात आणला होता. आता पुडीच्या जागी मोजक्या प्रमाणाचे मलम आले, आणि प्रमाण ठरल्यामुळेच अपायही मोजता येऊ लागला : निरोगी त्वचेचा दाह, डोळ्यांस इजा, कपड्यांवर न जाणारे डाग. पहिल्या महायुद्धात ब्राझीलचा पुरवठा तुटला असता जर्मनीत १९१६ मध्ये त्याच्या धर्तीवर डिथ्रॅनॉल हे कृत्रिम द्रव्य वापरात आले. घटक ओळखला गेला नसता, तर त्यास पर्यायही शोधता आला नसता.

याच सुमारास या रोगाचे आणखी एक स्थान वैद्यकाच्या दृष्टिपथात येत होते. पायाच्या बोटांमधील बेचक्या, ज्यांतील विकारास मराठीत 'चिखल्या' म्हणतात, आणि तळवे यांचीही बुरशी हे कारण असू शकते, हे १८९२ मध्ये पॅरिस येथे जेलालेद्दिन मुख्तार यांनी व १९०८ मध्ये लंडन येथे आर्थर व्हिटफील्ड यांनी मांडले. व्हिटफील्ड यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या मलमात सहा टक्के बेन्झॉइक व तीन टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड असते. गोवा पावडरीहून त्याचे वेगळेपण हे की, त्याचा पाठ कोणापासूनही लपविलेला नव्हता. पुढे १९६० नंतरच्या दशकाअखेरीस क्लोट्रिमॅझोल व मायकोनॅझोल, आणि १९९० नंतर टर्बिनाफिन ही द्रव्ये आली. त्यांचा उपयोग कोणते द्रव्य, किती दिवस, या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर अवलंबून असतो. खाज थांबली तरी त्वचेच्या बाह्य थरात बुरशी शिल्लक राहू शकते. म्हणून वैद्याच्या चिठ्ठीवर औषधाच्या नावाइतकीच मुदतही महत्त्वाची ठरते.

तथापि हा इतिहास सरळ प्रगतीचा मानता येत नाही. भारतात विसाव्या शतकाच्या अखेरीपासून बुरशीनाशक, जंतुनाशक व तीव्र स्टेरॉइड यांची संमिश्र मलमे दुकानांतून चिठ्ठीवाचून विकली जाऊ लागली. स्टेरॉइडने लाली व खाज त्वरित कमी होते. परंतु त्वचेची प्रतिकारशक्ती मंदावून बुरशी पसरते आणि विकाराचे रूपही पालटते. अशा रूपांतरित विकारास १९६८ मध्ये आइव्ह व मार्क्स यांनी 'टिनिया इन्कॉग्निटो', म्हणजे वेष पालटलेला नायटा, असे नाव दिले होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने अशा अनेक स्टेरॉइडांच्या मलमांना चिठ्ठीची अट लागू केली. २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारतीय व नेपाळी रुग्णांपासून मिळालेल्या एका बुरशीस 'ट्रायकोफायटन इंडोटिनी' हे नाव दिले. तिच्या अनेक वाणांवर टर्बिनाफिन चालत नाही.

गोवा पावडरीच्या काळी औषधाचे मूळ अज्ञात होते, आणि रुग्णापुढे दुसरा मार्ग नव्हता. आजच्या संमिश्र मलमातील प्रत्येक घटक वेष्टनावर छापलेला असतो. तरी तो घेणाऱ्यास 'नायट्याचे मलम' एवढेच नाव पुरेसे वाटते. बाहियातील वैद्याने १८७५ मध्ये विचारलेला प्रश्न, म्हणजे या नावामागे द्रव्य कोणते, हा त्यामुळे केवळ इतिहासाचा विषय ठरत नाही.