अंगणात गेलेली शाळा

मागच्या शनिवारी ताईकडे गेलो होतो. एरवी दार उघडल्या उघडल्या पायाला मिठी मारणारी माझी साडेतीन वर्षांची भाची सोफ्यावर ताठ बसलेली, आणि ताई समोर कार्डं घेऊन. "व्हॉट शेप इज धिस?" "ट्रँगल." मग रंग, मग आईबाबांची पूर्ण नावं. एका शाळेत ज्युनियर केजीसाठी 'इंटरअ‍ॅक्शन' आहे म्हणे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलांची नि पालकांची चाळणी लावायला बंदी केली, त्यामुळे ती शाळा मुलाखत हा शब्द वापरत नाही. एवढाच काय तो फरक.

दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या एका शाळेत हे झालं होतं. तिथे बाईसाहेबांनी तोंडच उघडलं नाही. घरी आल्यावर मला विचारते, "मामा, मी नापास झाले का?" हा शब्द तिला कुणी शिकवला देव जाणे. मला उत्तर सुचलं नाही. मग रविवारभर हापिसचा लॅपटॉप बंद ठेवून हे बालवाडी प्रकरण मुळात सुरू कसं झालं ते वाचत बसलो.

सुरुवात जर्मनीत. फ्रेडरिक फ्रोबेलने १८३७ मध्ये ब्लांकेनबुर्गला लहान मुलांसाठी संस्था काढली आणि १८४० मध्ये तिला 'किंडरगार्टन' म्हणजे मुलांची बाग हे नाव दिलं. साहित्य काय, तर लोकरीचे रंगीत चेंडू, लाकडी गोल नि ठोकळे. प्रशियाच्या सरकारने १८५१ मध्ये यावर चक्क बंदी घातली! पुढच्याच वर्षी फ्रोबेल गेला; बंदी उठली १८६० मध्ये. मग १९०७ मध्ये मारिया माँटेसोरीबाईंनी रोममधल्या सान लोरेन्झो वस्तीत पहिलं बालगृह उघडलं. ही वस्ती कामगारांची, गरिबांची. आपल्याकडे माँटेसोरी म्हटलं की आधी फीचा आकडा डोळ्यांसमोर येतो, म्हणून मुद्दाम सांगितलं.

भारतात हे वेड घेतलं गिजुभाई बधेकांनी. हा माणूस वकील. स्वतःच्या मुलाच्या शिक्षणाचा विचार करता करता वकिली सोडून बसला आणि १९२० मध्ये भावनगरला दक्षिणामूर्तीचं बालमंदिर सुरू केलं. त्यांना १९२३ च्या सुमारास येऊन मिळाल्या ताराबाई मोडक. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला. पुढे ताराबाई मुंबईत आल्या, दादरला शिशुविहार चालवू लागल्या. इथे थांबल्या असत्या तरी चाललं असतं.

पण १९४५ मध्ये, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, त्या बोर्डीला गेल्या. सोबत पस्तिशीच्या अनुताई वाघ. तेराव्या वर्षी लग्न, काही महिन्यांतच वैधव्य, मग शिकून शिक्षिका झालेल्या. बोर्डी म्हणजे तेव्हाचा ठाणे जिल्हा, आताचा पालघर. तिथे महागडी माँटेसोरी साधनं कुठून आणणार? मग शिंपले, बिया, खडे, पानं हेच साहित्य. मोजायचं तर चिंचोके मोजा, काय बिघडतं?

खरी गोम पुढे आहे. बालवाडी उघडली तरी आदिवासी पाड्यांवरची पोरं येईनात. आता आमच्या धंद्यात असं झालं की आम्ही सरळ युजरला नावं ठेवतो. त्याला वापरताच येत नाही, त्याला ट्रेनिंग द्या वगैरे. या बायकांनी उलट केलं. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळा त्यांच्या अंगणात. अंगणवाडी! पोरांची तोंडं धुवा, केस विंचरा, गाणी म्हणा, तिथेच खेळा. मोठ्या बहिणीच्या कडेवर धाकटं भावंड असायचं, म्हणून ती येऊ शकायची नाही. तर त्या तान्ह्यासाठी पाळणाघर काढलं. १९५७ मध्ये हे काम जवळच्या कोसबाडच्या टेकडीवर हललं. मोठी मुलं गुरांमागे जात, तर कुरणशाळा. गुरं चरतायत तिथेच वर्ग. प्रत्येक वेळी मूल जिथे अडलं तिथे शाळेने आपला आकार बदलला. या सगळ्या खटाटोपात पोराला 'तयार' करून आणा असं आईबापाला कुणी म्हटल्याचं मला तरी कुठे सापडलं नाही.

ताराबाई १९७३ मध्ये गेल्या. २ ऑक्टोबर १९७५ ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ गटांत सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना नाव मिळालं अंगणवाडी. आज देशभर हा शब्द चालतो. आपण मात्र तो खिचडी आणि पोलिओ डोसाच्या संदर्भातच ऐकतो. अनुताई १९९२ पर्यंत होत्या.

हे सगळं रविवारी रात्री मी ताईला फोनवर भडाभडा सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "सगळं पटतंय रे. पण जवळची शाळा हीच आहे, आणि इंटरअ‍ॅक्शन शुक्रवारी आहे. तू येतोस का सोबत? तू असलास की ती बोलते."

सुट्टी टाकली आहे. खिशात चिंचोके नेणार आहे.