निलगिरीचे पठार : मार्ग आणि दळणवळण

तमिळनाडूच्या वायव्य कोपऱ्यात, कर्नाटक आणि केरळ या राज्यांच्या सीमांना लागून निलगिरीचे पठार पसरलेले असून ते विषुववृत्ताच्या उत्तरेस जेमतेम साडेअकरा अंशांवर असले, तरी उंचीमुळे येथील हवा बारा महिने थंड राहते. पश्चिम घाट आणि पूर्व घाट या दोन डोंगररांगा येथे एकत्र येतात. उदगमंडलम ऊर्फ उटी (२,२४० मी.) हे निलगिरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे, कुन्नूर आणि कोटगिरी ही त्याखालोखालची थंड हवेची गावे आणि दोड्डबेट्टा (२,६३७ मी.) हे सर्वोच्च शिखर. पठाराचा माथा लहानमोठ्या टेकड्यांचा व उताराच्या कुरणांचा आहे. त्याच्या कडा मात्र बहुतेक बाजूंनी सरळ तुटलेल्या आहेत. दक्षिणेस भवानी नदीचे खोरे, उत्तरेस मोयार नदीची खोल दरी आणि पश्चिमेस वायनाडकडे उतरणाऱ्या पायऱ्या अशी ही रचना आहे. आग्नेय पायथ्याचे मेट्टुपाळयम समुद्रसपाटीपासून ३२६ मी. उंचीवर आणि कुन्नूर त्याच्या सुमारे १,४०० मी. वर असून या दोहोंमधील हवाई अंतर वीस किलोमीटरांच्या आत भरते. त्यामुळे दळणवळणाचा प्रश्न येथे कड्यापाशी सुरू होतो आणि बहुतांशी तेथेच संपतो.

तोडा, कोटा, बडगा, कुरुंबा व इरुळा या स्थानिक समाजांच्या पाऊलवाटा या कड्यावरून पूर्वापार वाहत्या होत्या. कोईमतूरचा इंग्रज जिल्हाधिकारी जॉन सलिव्हन १८१९ मध्ये वर आला तो याच कड्यावरून, आणि त्याने पहिले घर बांधले तेही उटीला नव्हे, तर कोटगिरीजवळच्या दिंबट्टी परिसरात. त्याने पायथ्याच्या सिरुमुगै गावापासून दिंबट्टीपर्यंत घोडे व हमाल जाऊ शकतील अशी वाट तयार करवून घेतली. पुढे मद्रास इलाख्याचे सरकार उन्हाळ्यात उटीला मुक्काम हलवू लागले, तेव्हा दप्तरे, नोकरचाकर आणि सामानसुमान वर नेण्यास ही वाट अपुरी पडली. कुन्नूरचा घाट खोदला गेला आणि मुख्य रहदारी कोटगिरीकडून कुन्नूरकडे वळली. १८७३ मध्ये मैदानातील लोहमार्ग मेट्टुपाळयमला येऊन थांबला. तेथून पुढे टांगा, बैलगाडी, डोली किंवा घोडा यांवाचून गत्यंतर नव्हते. आज प्रवासी मेट्टुपाळयमला गाडी बदलतो, त्याचे मूळ या थांब्यात आहे.

कुन्नूरच्या कड्यावरून रेल्वे नेण्याची कल्पना १८५४ पासून चर्चेत होती. स्विस अभियंता निकोलाउस रिगेनबाख याने दातेरी रुळाची योजना सुचवली, पण भांडवल व सरकारी हमी यांच्या घोळात ती मागे पडली. अखेर १८९१ मध्ये मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड वेनलॉक यांच्या हस्ते पहिली कुदळ मारली गेली आणि १८९९ मध्ये गाडी कुन्नूरपर्यंत, तर १९०८ मध्ये उदगमंडलमपर्यंत धावू लागली. सुमारे ४६ किमी. लांबीचा हा एकेरी मार्ग मीटरमापी आहे, म्हणजे त्याच्या दोन रुळांमधील अंतर एक मीटर आहे. त्यावर २०८ वळणे, १६ बोगदे आणि २५० लहानमोठे पूल आहेत. यूनेस्कोने २००५ मध्ये त्याचा जागतिक वारसास्थळांत समावेश केला.

या मार्गाचे तांत्रिक वैशिष्ट्य कल्लार ते कुन्नूर या टप्प्यात आहे. येथे चढ काही ठिकाणी १२.५ मीटर अंतरास एक मीटर इतका तीव्र होतो आणि गुळगुळीत रुळावर गुळगुळीत चाक केवळ घर्षणाच्या बळावर अशा चढावर टिकू शकत नाही. म्हणून दोन रुळांच्या मधोमध दातेरी पट्ट्यांची जोडी बसवलेली असून इंजिनाखालचे दंतचक्र या दातांत अडकत पुढे सरकते. रोमान आब्ट या स्विस अभियंत्याच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पद्धतीत दोन्ही पट्ट्यांचे दात एकमेकांसमोर न ठेवता किंचित मागेपुढे ठेवतात, त्यामुळे चक्राचा एखादा तरी दात कोणत्याही क्षणी पट्टीत पुरता रुतलेला असतो आणि गाडीला हिसके कमी बसतात. वाफेच्या इंजिनाला चार सिलिंडर असतात. दोन नेहमीची चाके फिरवतात आणि दातेरी टप्पा आला की उरलेले दोन दंतचक्राला जोर देतात. इंजिन चढावर डब्यांच्या मागे, म्हणजे उताराच्या बाजूस जोडलेले असते व ते गाडी वर रेटते, जेणेकरून जोड सुटला तरी डबे इंजिनाला टेकून राहतात. त्याखेरीज प्रत्येक डब्याच्या टोकाशी असलेल्या उघड्या सज्जात एक ब्रेकवाला उभा असतो आणि शिट्टीचा व झेंडीचा इशारा पाहून हातचाक फिरवत आपापल्या डब्याचा ब्रेक आवळतो वा सैल करतो. कुन्नूरला वाफेचे इंजिन सुटते आणि पुढचा तुलनेने सौम्य चढ डिझेल इंजिन साध्या रुळांवरून पार करते.

महाराष्ट्रातील वाचकास परिचित असलेली नेरळ–माथेरान गाडी (१९०७) जवळपास याच काळातली. तथापि तिच्यासाठी कड्याचा चढ वळणे वाढवून सौम्य करण्यात आला आणि दोन फुटी अरुंद रूळ वापरून दातेरी पट्टी टाळण्यात आली. निलगिरीत नेमका उलट मार्ग पत्करण्यात आला: चढ तीव्रच ठेवून यंत्र बदलले गेले. दातेरी टप्प्यातील गाडीचा वेग ताशी १३ किमी.पलीकडे जात नाही आणि मेट्टुपाळयमहून उटीला पोचण्यास पाच तासांच्या आसपास, तर उतरताना साडेतीन तास लागतात. हेच अंतर बस निम्म्याहूनही कमी वेळात कापते. केवळ पोचणे हा हेतू असेल तर ही गाडी गैरसोयीची, आणि कड्याची रचना डोळ्यांनी समजून घ्यायची असेल तर तिच्यासारखे दुसरे साधन नाही.

मेट्टुपाळयमहून पूर्ण मार्गाची गाडी सकाळी सातच्या सुमारास सुटते आणि चेन्नईहून रात्रभर धावणारी निलगिरी एक्सप्रेस तिला मिळेल अशा बेताने पहाटे येते. जागा मर्यादित असल्याने हंगामात आरक्षण खुले होताच ती भरते. ज्यांना जागा मिळत नाही त्यांनी बसने कुन्नूर गाठून तेथून उटीपर्यंतच्या सुमारे तासाभराच्या फेरीत बसणे सोयीचे ठरते, कारण या टप्प्यात दिवसातून अधिक गाड्या धावतात. वेलिंग्टन, अरुवंकाडू, केत्ती व लव्हडेल ही स्थानके याच टप्प्यात येतात आणि केत्तीच्या दरीतील गाजर-कोबीचे वाफे डब्याच्या खिडकीतून दिसतात. दातेरी चढाचा अनुभव मात्र त्यात मिळत नाही.

मैदानातील खरे प्रवेशद्वार कोईमतूर आहे. तेथील विमानतळापासून उटी सुमारे ९० किमी. असून कोईमतूर–मेट्टुपाळयम अशी ये-जा करणारी साधी रेल्वेगाडीही आहे. मुंबईच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून पुणे, सोलापूर व बंगळूरमार्गे कोईमतूरला जाणारी थेट गाडी महाराष्ट्रातील प्रवाशांना उपलब्ध आहे. तिच्या प्रवासात साधारण दोन रात्री जातात. मेट्टुपाळयमपासून वर चढणारे दोन घाट आहेत. कल्लार व बर्लियारवरून कुन्नूरला जाणाऱ्या घाटात चौदा हेअरपिन वळणे आहेत, म्हणजे रस्ता केसांच्या आकड्याप्रमाणे वळून स्वतःच्याच वर येतो. पूर्वेकडील कोटगिरी घाट तुलनेने मोकळा असून उन्हाळी हंगामात अनेकदा चढती वाहने कुन्नूरमार्गे आणि उतरती वाहने कोटगिरीमार्गे अशी एकेरी वाहतूक केली जाते. बर्लियार परिसरात पायथ्याकडील फळबागा व सुपारी दिसतात आणि त्याच रस्त्यावर तासाभरात चहाचे मळे लागतात. हवेतील गारवाही तितक्याच लवकर बदलत असल्याने मैदानातील सुती कपड्यांवर निघालेला प्रवासी कुन्नूरला उतरताच स्वेटर शोधू लागतो.

उत्तरेकडील वाट वेगळ्या स्वरूपाची आहे, कारण येथे कड्याआधी जंगल लागते. म्हैसूरहून गुंडलुपेटमार्गे येणारा महामार्ग कर्नाटकातील बंदीपूर आणि तमिळनाडूतील मुदुमलै या लागून असलेल्या व्याघ्र प्रकल्पांमधून जातो. वाहनांखाली सापडून होणारे प्राण्यांचे मृत्यू टाळण्यासाठी २००९ पासून बंदीपूरमधून रात्री ९ ते सकाळी ६ या वेळेत सर्वसाधारण रहदारी बंद असते. दिवसाही वाटेत थांबणे, खाली उतरणे वा प्राण्यांना खायला घालणे निषिद्ध आहे. संध्याकाळी म्हैसूर सोडून उटीला पोचण्याचा बेत करणाऱ्यांना वनखात्याच्या फाटकापाशी अडकून पडावे लागते. मुदुमलैतील तेप्पक्काडू येथे, जेथे वनखात्याचा हत्ती तळ आहे, रस्त्याला दोन फाटे फुटतात. डावीकडचा मसिनगुडीवरून कल्लट्टी घाटाने थेट उटीला भिडतो. हे अंतर कमी आहे, पण छत्तीस हेअरपिन वळणांचा हा चढ अत्यंत तीव्र असून प्रत्येक वळणावर क्रमांकाची पाटी आहे. उतरताना ब्रेक तापून निकामी झाल्याने येथे गंभीर अपघात घडले आहेत आणि त्यामुळे बाहेरगावच्या वाहनांना या घाटाने खाली उतरण्यास मनाई आहे. उजवीकडचा फाटा गुडलूर, नडुवट्टम व पैकारामार्गे लांबून, पण त्या मानाने सौम्य चढाने उटीला येतो. केरळातील वायनाड व निलंबूर येथून येणारे रस्तेही गुडलूरलाच मिळतात. अनोळखी चालकाने चढण्यास व उतरण्यास हाच मार्ग धरलेला बरा, मग नकाशावरील लहान रेघ कितीही मोहात पाडो.

वाहनांच्या गर्दीमुळे मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशानुसार ७ मे २०२४ पासून निलगिरी व कोडैकनल येथे ई-पास, म्हणजे वाहनाची संगणकीय पूर्वनोंदणी, सक्तीची झाली. २०२५ च्या एप्रिल ते जून या हंगामासाठी निलगिरीत एका दिवशी येणाऱ्या वाहनांची कमाल संख्या आठवड्यातील इतर दिवशी ६,००० आणि शनिवार-रविवारी ८,००० अशी ठरवण्यात आली होती. पास विनामूल्य असून सरकारी बस व रेल्वेने येणाऱ्यांना आणि ‘टीएन ४३’ या स्थानिक क्रमांकाच्या वाहनांना तो लागत नाही. एकदाच वापरून फेकण्याच्या प्लास्टिकवरही जिल्ह्यात कडक बंदी आहे आणि पाण्याच्या लहान बाटल्या तपासणी नाक्यांवरच काढून घेतल्या जातात. त्याऐवजी रस्त्याकडेला नाणे टाकून पाणी देणारी यंत्रे बसवलेली आहेत. स्वतःचे भांडे बाळगणे ही येथे शिष्टाचाराची नव्हे, सोयीची बाब आहे.

मार्गांची विश्वासार्हता पावसावर अवलंबून असते आणि हा पाऊस दोन वेगळ्या वाऱ्यांनी येतो. जून ते सप्टेंबर या काळात नैर्ऋत्य मोसमी वारे गुडलूर, पंदलूर व अव्हलांच या पश्चिम भागांवर कोसळतात. ऑगस्ट २०१९ मध्ये अव्हलांच येथे एका दिवसात ९०० मिलिमीटरहून अधिक पाऊस नोंदला गेला. ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी वाऱ्यांचा मारा पूर्वेकडील कुन्नूर व कोटगिरी उतारांवर होतो. महाराष्ट्रात दिवाळीच्या सुट्ट्या असतात तेव्हाच नेमकी कुन्नूर घाटात दरडी कोसळण्याची व दातेरी टप्प्यातील गाड्या रद्द होण्याची शक्यता सर्वाधिक असते, ही गोष्ट सह्याद्रीच्या पावसाळ्याचा हिशोब डोक्यात ठेवून निघालेल्यांच्या ध्यानी येत नाही. १९९३ आणि २००९ या दोन्ही वर्षांच्या नोव्हेंबरमध्ये येथे मोठी जीवितहानी झाली. एप्रिल-मे हा मुख्य हंगाम. मे महिन्यात उटीच्या वनस्पती उद्यानातील पुष्पप्रदर्शनामुळे गर्दीचा कळस होतो. डिसेंबरअखेर व जानेवारीत आकाश निरभ्र व रस्ते कोरडे असतात, परंतु पहाटे सखल जागी दहिवर गोठून गवत पांढरे पडते.

पठारावरील अंतरे लहान आहेत: उटी–कुन्नूर १८ किमी., कुन्नूर–कोटगिरी सुमारे २० किमी. आणि उटी–कोटगिरी ३० किमी.च्या आत. शासकीय परिवहन महामंडळाच्या बसगाड्या या त्रिकोणात दिवसभर धावतात व भाडे अल्प असते; फलक मुख्यतः तमिळ लिपीत असल्याने वाहकाला विचारूनच चढावे लागते. उटीचे बसस्थानक आणि रेल्वेस्थानक एकमेकांच्या हाकेवर असून तलाव, बाजार आणि चेरिंग क्रॉस हा मुख्य चौक पायी उरकता येतो. रिक्षा गावापुरत्या मिळतात. दोड्डबेट्टा, कुन्नूरजवळचे लॅम्ब्स रॉक व डॉल्फिन्स नोज हे कडे आणि कोटगिरीपलीकडील कोडनाड येथपर्यंत जाण्यासाठी मात्र बहुतेक जण दिवसभराची टॅक्सी ठरवतात. टॅक्सीवाल्यांच्या ठरलेल्या यादीत चहाचा कारखाना व चॉकलेटची दुकाने हमखास असतात. ती वगळून केत्ती किंवा कोटगिरीच्या बाजूने बसने हिंडणाऱ्यास पठाराचे खरे रूप, म्हणजे बडगा वस्त्या, भाजीचे मळे आणि चहाच्या पानांची पोती भरून नेणारे छोटे ट्रक, अधिक जवळून दिसते.

पठाराच्या नैर्ऋत्य भागातील अव्हलांच, एमराल्ड व अप्पर भवानी हे जलाशय व त्यांच्याभोवतीचे शोला, म्हणजे गवताळ कुरणांमधील घळींत वाढणारे आखूड व दाट सदाहरित जंगल, यांत खासगी वाहने मर्यादेपलीकडे नेता येत नाहीत. अव्हलांचला वनखात्याच्या वाहनांतून ठरावीक फेऱ्या काढल्या जातात. याच बाजूच्या मंजूर गावातून गेद्दै येथील जलविद्युत केंद्राजवळून करमडैकडे उतरणारा तिसरा घाट आहे. त्याला चाळीसहून अधिक हेअरपिन वळणे असून रस्ता अरुंद आणि हत्तींच्या वावराचा आहे, बससेवाही विरळ आहे. मुख्य घाट दरडीने बंद पडल्यास जिल्ह्याची काही वाहतूक याही वाटेने वळवली जाते.