कुळांचा खाणमालक

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर यांच्यावरून आमच्या घरात सरळ दोन तट होते. डिचोलीचे आजोबा त्यांना 'भाऊ' म्हणत, आणि ते अशा सुरात की नवख्याला वाटावे, हे सख्खे भाऊच. मडगावचे आजोबा, म्हणजे आईचे वडील, 'बांदोडकर' म्हणत. माणूस मोठा होता हे ते कबूल करत, पण एवढ्यावर थांबत कधीच नसत.

डिचोलीचे आजोबा कूळ. शेत भाटकाराचे, म्हणजे जमीनदाराचे, घाम यांचा. मळणीच्या दिवसाची गोष्ट ते इतक्या वेळा सांगत की खळे आमच्याही डोळ्यांसमोर उभे राही. भाटकाराचा माणूस कुडव, म्हणजे भात मोजायचे माप, घेऊन बसायचा. भाटकाराच्या वाट्याचे भात मापताना कुडवावर शीग चढायची, कुळाच्या वाट्याला आला की वरून हात फिरायचा. "हात हलकोच फिरवी," आजोबा म्हणत, "पूण दर कुडवाक फिरवी." चवथीच्या आधी दोडके-भोपळे घेऊन भाटकाराच्या अंगणात जायचे आणि पायरीखाली उभे राहायचे. बस म्हणायचा प्रश्नच नव्हता.

ही पायरी पहिल्यांदा डळमळली ती कायद्याने नव्हे, खाणींनी. १९५० नंतर जपानला गोव्याचे लोखंडी खनिज हवे झाले. डिचोली, सत्तरी, सांग्याच्या डोंगरांत माणसे लागली, बार्जी भरभरून माल मुरगावच्या बंदराकडे जाऊ लागला. आजीने पाट्या वाहिल्या. पाठीचे दुखणे तिने तिथूनच आणले, पण हातात रोख पैसा आला तोही तिथेच, आणि त्या पैशावर भाटकाराचा कुडव फिरत नव्हता. बांदोडकर याच खाणधंद्यातले. १९११ साली पेडण्यात जन्मलेला, बहुजन समाजातला हा माणूस खाणमालक झाला आणि दानशूर म्हणून गावोगाव माहीत झाला. एवढा श्रीमंत माणूस कुळांचा पुढारी कसा झाला, याचे बाहेरच्यांना नवल वाटते. आमच्या आजोबांना कधी वाटले नाही. भाऊंचा पैसा जमिनीखालून आलेला होता, कुळाच्या खळ्यावरून उचललेला नव्हता. हा फरक त्यांना कुणी समजावून सांगावा लागला नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये मुक्त गोव्यात विधानसभेची पहिली निवडणूक झाली. दिल्लीत नेहरूंचे राज्य, गोवा मुक्त करणारे सरकार त्यांचे, आणि गोव्यात काँग्रेसला एकही जागा मिळाली नाही! बांदोडकरांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचा सिंह निवडून आला. बांदोडकर स्वतः त्या निवडणुकीत उभेच नव्हते. २० डिसेंबरला ते मुख्यमंत्री झाले आणि मग मडकईहून पोटनिवडणुकीत आमदार. धंद्यातला माणूस असा मागच्या दाराने नव्हे, पण उलट्या क्रमाने विधानसभेत गेला.

भाऊंच्या गोष्टी डिचोलीकडे अजून ऐकायला मिळतात. रस्त्यात गाडी थांबवली, म्हातारीची विचारपूस केली, खिशात हात घातला आणि हाताला आल्या तेवढ्या नोटा दिल्या. प्रत्येक गावात म्हातारी वेगळी, गाडी तीच. सगळ्या खऱ्या नसतील. सगळ्या खोट्याही नसाव्यात. मला मात्र या गोष्टींपेक्षा १९६४ चा कूळकायदा मोठा वाटतो. खंडाला मर्यादा आली, कुळाला मनाला येईल तेव्हा हुसकावणे अवघड झाले. खिशातली नोट एका म्हातारीची चूल पेटवते, कायद्याने आजोबा पायरी चढले.

मडगावच्या आजोबांचा राग होता विलीनीकरणावर. बांदोडकरांना गोवा महाराष्ट्रात हवा होता. जनमत कौल निष्पक्ष व्हावा म्हणून त्यांच्या सरकारने डिसेंबर १९६६ मध्ये राजीनामा दिला, आणि १६ जानेवारी १९६७ ला लोक मतपेटीकडे गेले. विलीनीकरणाला फूल, विरोधाला दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली, पानांना १,७२,१९१. गंमत म्हणजे विलीनीकरणाविरुद्धची झुंज मराठीतूनही लढली गेली. आजोबा रोज 'राष्ट्रमत' घ्यायचे, त्यातले उदय भेंब्र्यांचे 'ब्रह्मास्त्र' सदर आधी स्वतः वाचायचे आणि मग मोठ्याने घरच्यांना ऐकवायचे. डिचोलीत तेव्हा विलीनीकरणाच्या बाजूचा 'गोमन्तक' वाचला जायचा. दोन्ही व्याह्यांनी तो जानेवारी एकमेकांशी न बोलता काढला असता. सुदैवाने आईबाबांचे लग्न व्हायला अजून अवकाश होता.

मार्चमध्ये पुन्हा निवडणूक लागली आणि बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री! जानेवारीत त्यांची जिवाभावाची मागणी फेटाळणाऱ्या गोव्याने मार्चमध्ये त्यांनाच खुर्चीत बसवले. मडगावच्या आजोबांनी त्या खेपेला मत कुणाला दिले, हे मडगावच्या आजीने विचारून पाहिले. "तें माझें आनी पेटयेचें," एवढेच म्हणाले. सिंहालाच दिले असावे, असा मला संशय आहे. कारण त्यांचे मूळ गाव आडरानात, तिथे बांदोडकरांच्या सरकारने मराठी शाळा नुकतीच उघडली होती आणि त्यांची भाची तिथे जायला लागली होती. विलीनीकरणावरून भांडणाऱ्या माणसाला शाळेशी भांडता येत नाही.

१२ ऑगस्ट १९७३ ला, मुख्यमंत्री असतानाच, भाऊ गेले. जमीन खरोखर कुळाच्या नावावर करणारी कूळकायद्यातली दुरुस्ती त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री असताना झाली. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यावर आमच्या आजोबांचे नाव आले.

खाणींना मात्र कुणी हात लावला नाही. भाटकारावर कायदा चालला, पण पोर्तुगीजांनी दिलेले खाणींचे परवाने १९८७ पर्यंत तसेच राहिले. खाणमालक मुख्यमंत्री असताना याहून वेगळे काही व्हावे, ही अपेक्षा बहुधा भाबडीच. पुढे वरच्या डोंगरावरच्या एका खाणीचा लाल चिखल पावसात आजोबांच्या शेतात उतरू लागला. वायंगणाचे भात पिकेनासे झाले. काका नुकसानभरपाईच्या अर्जांचा गठ्ठा घेऊन बसत आणि एकदा वैतागून म्हणाले, "हेंय तुमच्या भाऊंचेंच." आजोबा ताडकन उठले. "भाऊंची खाण न्हय ती," म्हणाले, आणि अर्जावर अंगठा नाही, सही केली.