पेटीभर जागा

राहुरीकरांना १८७८ हे साल लक्षात ठेवायला एक चांगलं कारण आहे. त्या वर्षी दौंड-मनमाड लोहमार्ग सुरू झाला. त्याच्या भरावाची माती नगर जिल्ह्यातल्या लोकांनी दुष्काळी कामावर टाकली होती. गाडी सुरू झाली आणि राहुरीचा माणूस मनमाडला गाडी बदलून मुंबई गाठू लागला. खिशात कुणातरी भावकीतल्या माणसाचा पत्ता असला की भागायचं. सरकार एकच होतं, कागद विचारणारं कुणी नव्हतं.

त्याच वर्षी २६ डिसेंबरला इंग्रज आणि पोर्तुगीज सरकारांनी एका करारावर सह्या केल्या आणि मुंबईच्या वाटेला वेगळीच माणसं लागली. करारानं गोव्यातला मिठाचा मक्ता इंग्रजांच्या हाती गेला. बदल्यात पोर्तुगिजांना वर्षाला चार लाख रुपये आणि मुरगाव बंदरापासून घाटावर जाणारा लोहमार्ग मिळाला. मिठागरांवर पोट भरणारे आणि माडाची सूर काढणारे रेंदेर मात्र कोंडीत सापडले. गोव्यातून बाहेर पडणं आधीही चालू होतंच, आता त्याला जोर आला. या माणसांसाठी मुंबई हे परक्या राजाचं शहर होतं. ती लिस्बनची प्रजा.

मग राहायचं कुठे? धोबी तलाव, कावेल, माझगाव या भागांत या प्रश्नाचं उत्तर उभं राहिलं: कूड.

मराठी कानाला हा शब्द चकवतो. आपल्याकडे कूड म्हणजे कारवीच्या काठ्यांची, शेणामातीनं लिंपलेली भिंत. कोंकणीत कूड म्हणजे खोली. एकेका गावानं मुंबईत भाड्यानं घेतलेल्या मोठ्या खोलीला, कधी दोन-तीन खोल्यांना, हे नाव पडलं. दारावर इंग्रजी पाटी असे, ‘क्लब ऑफ’ अमुक गाव. धोबी तलावाच्या जेर महाल या एकाच इमारतीत असे कितीतरी क्लब दाटीवाटीनं नांदत. भरभराटीच्या दिवसांत शहरात त्यांची संख्या शेकड्यांत होती.

आत शिरलं की आधी दिसत त्या पेट्या. भिंतीलगत रांगेनं मांडलेल्या, पत्र्याच्या नाहीतर लाकडाच्या. ही पेटी म्हणजेच माणसाचा कूडमधला हक्क. दिवसा तिच्यावर बसायचं, रात्री तिच्यासमोर चटई अंथरायची. मालक वर्षभर समुद्रावर असला तरी पेटी जागची हलत नसे. समोरच्या भिंतीला गावाच्या रक्षक संताची वेदी. संध्याकाळी तिच्यापुढे तेर्स म्हणजे रोझरी होई आणि खोलीत असलेल्यानं हजर राहायचं, हा नियम. गावचं फेस्त इथेही साजरं होई. बायकांना इथे राहता येत नसे. गावचा कॅथलिक असणं ही पहिली अट आणि काही गावांत तेवढंही पुरत नसे. बामण, चारदो, सुदीर असे जातींचे क्लब वेगळे. धर्म बदलून तीनेक शतकं लोटली तरी जात बोटीत बसून मुंबईला आलीच होती.

इथे उतरणारे बरेचसे तारवटी, म्हणजे जहाजावर काम करणारे. पी अँड ओ आणि ब्रिटिश इंडिया या कंपन्यांच्या आगबोटींवर आचारी, बटलर, स्टुअर्ड म्हणून गोवेकरांचा दबदबा होता. पण ही नोकरी अखंड नसे. एक सफर संपली की पगार बंद. दुसरी मिळेपर्यंत महिनोन्‌महिने वाट बघायची. गावी जाऊन बसलं तर बोट कधी भरती करतेय याची खबर कशी लागणार? खबर कूडमध्ये येई. कुठल्या बटलरला माणसं हवीत, कुणाचा हात किती ओला करावा लागेल, सगळं रात्री चटईवर कळे. तारवटी जिवापलीकडे जपे ती त्याची नल्ली, म्हणजे प्रत्येक सफरीची नोंद असलेला दाखला. नल्ली हरवली म्हणजे आधीची सगळी नोकरी बुडाली. भाडं थोडं, तेही अडचणीत थकवता येई. बोट मिळाली की फेडायचं. ओळख, पत्ता, उधारी, नोकरीची बातमी हे चारही एका छपराखाली देणारी दुसरी सोय परदेशी माणसाला या शहरात क्वचितच मिळाली असती.

याच वस्तीनं कोंकणीला एक रंगभूमीही दिली. पहिला तियात्र, म्हणजे कोंकणी नाटक, ‘इतालियन भुरगो’ १७ एप्रिल १८९२ रोजी रंगला, तो गोव्यात नव्हे, मुंबईत.

सरहद्दीनं खरं डोकं वर काढलं ते इंग्रज गेल्यावर. १९५५ मध्ये भारतानं गोव्याची नाकेबंदी केली. मुरगावची गाडी थांबली, गावी पैसे पाठवणं अवघड झालं, येण्याजाण्याला परवाने आले. सरहद्दीवरच्या कॅसलरॉकच्या पलीकडे घर आणि अलीकडे पेटी, असा संसार दोन देशांत विभागला गेला. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि मुंबई गोवेकरांसाठी कायद्यानंही परकी उरली नाही.

कूड मात्र लगेच ओस पडल्या नाहीत. सत्तरीच्या दशकात आखातात तेलाचा पैसा आला आणि मुलाखत, वैद्यकीय तपासणी, व्हिसा यांसाठी मुंबईत खोळंबणारी नवी पिढी त्याच पेट्यांवर येऊन बसली. पुढे गोव्यातच विमानं आणि एजंट आले, तशी गर्दी ओसरली.

आज उलटाच खेळ चालू आहे. मुक्तीपूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुलानातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व नोंदवता येतं. त्या पासपोर्टवर हजारो गोवेकर इंग्लंडात, विशेषतः स्विंडनमध्ये, जाऊन स्थिरावले. ब्रिटन युरोपीय संघातून बाहेर पडल्यावर, २०२१ पासून, ती वाट नवख्यांसाठी बंद झाली. बाकी युरोप खुला आहे. त्यासाठी पोर्तुगीज अमदानीतला जन्मदाखला काढावा लागतो आणि अर्ज बहुतेकदा अडकतो तो एका अक्षरावर. दाखल्यावर आजोबांचं आडनाव पोर्तुगीज वळणाचं असतं आणि शाळेच्या रजिस्टरात इंग्रजी.